हार्वेस्ट बग म्हणजे पिकावरचा ढेकूण नव्हे

बाईंना विचारा : वाचकांचे प्रश्न आणि एका निवृत्त इंग्रजी शिक्षिकेची उत्तरं

चाळीसगावहून एका तरुण वाचकाचं पत्र आलंय. गिल्बर्ट व्हाइट या इंग्रज पाद्र्याचं सेलबोर्न गावच्या निसर्गावरचं पुस्तक १७८९ साली निघालं. त्यातली काही पानं हे गृहस्थ मराठीत आणताहेत. ते लिहितात :

‘बाई, सादर प्रणाम. व्हाइटने “हार्वेस्ट बग” नावाच्या एका चावऱ्या प्राण्याबद्दल लिहिलंय. मी “पिकावरचा ढेकूण” असं केलं. कपाशीवर पिठ्या ढेकूण असतोच की! पण माझे थोरले भाऊ शेती करतात, ते म्हणाले, पिठ्या ढेकूण माणसाला कधी चावलाय का? “हंगामी किडा” लिही. इंग्रजी-मराठी कोशात पाहिलं तर “एक प्रकारचा कीटक”. मी काय लिहू?’

आधी कोशाचा समाचार घेते. ‘एक प्रकारचा कीटक’ म्हणजे कोशकाराने हात झटकले. मी एकतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं आणि या तीन शब्दांनी मला वर्गात कितीदा तोंडघशी पाडलंय म्हणून सांगू. ‘नॅट’ म्हणजे काय, एक प्रकारचा कीटक. ‘मिज’ म्हणजे काय, एक प्रकारचा कीटक. मग बाई, दोन्हींत फरक काय? मागच्या बाकावरच्या पोराचा हा प्रश्न. त्याला मी खाली बसायला सांगितलं होतं, याची आजही लाज वाटते.

हार्वेस्ट बगच्या बाबतीत तर कोश सरळ चुकलाय, कारण हा कीटकच नाही. कीटकांना सहा पाय, याच्या जातीला आठ. गोचीड, कोळी, विंचू हे याचे भाऊबंद. तुमच्या थोरल्या भावाला वांग्यावरचा ‘लाल कोळी’ आणि त्यावर मारायचं ‘कोळीनाशक’ ठाऊक असेलच. इंग्रजीत ज्याला ‘माइट’ म्हणतात तो हाच गट.

व्हाइट काय सांगतो ते बघा, म्हणजे शब्द आपोआप सापडेल. तो म्हणतो, खडूच्या जमिनीच्या भागात उन्हाळ्याच्या शेवटी हा प्राणी फार छळतो. बायका आणि लेकरांच्या कातडीत शिरतो, गाठी येतात, असह्य खाज सुटते. रंग शेंदरी-लाल, डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा. बागेत घेवड्याच्या आणि इतर शेंगांच्या झाडांवर भेटतो. ससे पकडणाऱ्या लोकांच्या जाळ्यांवर तो इतका माजतो की जाळी तांबूस दिसतात आणि माणसं चावून चावून तापाने फणफणतात. पुढच्याच वर्षी, १७९० साली, शॉ या निसर्गशास्त्रज्ञाने त्याला शास्त्रीय नाव दिलं, त्यातला ‘ऑटम्नॅलिस’ म्हणजे शरदातला.

आता ‘हार्वेस्ट’. आपण शाळेत शिकलो, हार्वेस्ट म्हणजे कापणी. पण जुन्या इंग्रजीत हा शब्द ऋतूचा होता, शरदाचा. जर्मनमध्ये आजही शरदाला ‘हेर्ब्स्ट’ म्हणतात, तो याचाच सख्खा भाऊ. इंग्रजीत शरदाला ‘ऑटम’ हा परका शब्द येऊन बसला आणि हार्वेस्टच्या वाट्याला नुसतं पीक काढणं उरलं. म्हणजे हार्वेस्ट बगचा पिकाशी संबंध थोडा आणि दिवसांशी जास्त. फ्रेंच लोक याच प्राण्याला ‘आऊता’ म्हणतात, त्यांच्या ‘ऑगस्ट’ या शब्दावरून. चावणारा कधी चावतो तेवढं लोकांनी लक्षात ठेवलं आणि तेच नाव पडलं.

आपल्याकडे हे नवीन थोडंच आहे? मृग लागला, पहिला पाऊस पडला की मखमलीचा लालभडक मृगाचा किडा जमिनीतून वर येतो. लहानपणी पारोळ्याला आम्ही तो काडेपेटीत ठेवायचो. बोट लावलं की पाय पोटाशी घेऊन मेल्याचं सोंग करतो. तो हार्वेस्ट बगचा थोराड चुलत भाऊच समजा. त्यालाही आठ पाय, मऊ लव, आणि नाव नक्षत्रावरून. त्याची पिल्लं टोळांच्या अंगाला चिकटून जगतात, माणसाच्या वाटेला जात नाहीत. हार्वेस्ट बगची पिल्लं मात्र जातात. आणि चावतात ती फक्त पिल्लंच. मोठा झाला की तो मातीत राहून बारीकसारीक किडे आणि त्यांची अंडी खातो. पिल्लाला पाय सहाच असतात, त्यामुळे कीटक म्हणणाऱ्याची चूक थोडी माफ.

माझा सल्ला : ‘सुगीचा लाल किडा’. सुगी म्हणजे दिवसही आणि पीकही, इंग्रजीतल्या हार्वेस्टला जे दोन अर्थ होते ते दोन्ही आपल्या एका शब्दात बसतात. ‘हंगामी’ लिहू नका, त्याला हंगामी कामगारांचा वास येतो. ‘ढेकूण’ तर नकोच. कृषिवाल्यांनी ‘मिलीबग’चा पिठ्या ढेकूण केला तो खपून गेला, कारण तो खरोखरच ढेकणाच्या गणातला आहे. हा नाही.

हे सगळं एवढ्या हिरिरीने सांगतेय याचं कारण वेगळं आहे. मला हा प्राणी चावलाय.

चोपड्याजवळ आमचं थोडं शेत आहे. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टात मूग तोडायला बाया कमी पडल्या म्हणून मीही गेले. ओळीत बसून शेंगा तोडल्या, दुपारी बांधावरच्या गवतात बसून कळण्याची भाकरी आणि ठेचा खाल्ला. त्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे कमरेला अशी खाज सुटली की झोप उडाली. आरशात पाहिलं तर परकराची नाडी जिथे आवळली जाते, बरोब्बर त्या रेषेवर लाल पुटकुळ्या. मोजल्या, तेरा. जणू कुणी फूटपट्टी धरून टिंबं दिली होती. दोन गुडघ्यांच्या मागे आणि पोटऱ्यांवर कुठेही नाही. गावातल्या एका डॉक्टरांनी न बघताच ‘साबण बदला’ म्हणून सांगितलं. साबण बदलला, खाज आठवडाभर राहिली.

पुढे वाचलं तेव्हा नाडीचं कोडं सुटलं. हे पिल्लू गवताच्या पात्यावर टोकाला जाऊन बसतं, माणूस घासून गेला की कपड्यावर येतं आणि वर चढत राहतं. कपडा जिथे आवळलेला असतो तिथे अडतं आणि तिथेच बसतं. युरोपात मोज्यांचा इलास्टिक, आमच्याकडे नाडी. ते रक्त पीत नाही. कातडीत लाळ सोडतं, त्या लाळेने तिथल्या पेशी विरघळतात आणि तो रस ओढून घेतं. कातडीत एक बारीक नळीसारखी वाट तयार होते, खाज त्याची.

पाहायचंच म्हणून पुढच्या पावसाळ्यात मी शाळेतली एक जुनी दगडी पाटी शेतात नेली. काळ्या वस्तूवर ही पिल्लं दिसतात असं वाचलं होतं. दव उतरल्यावर पाटी बांधाच्या गवतात उभी टेकवली आणि उकिडवी बसून राहिले. शेजारच्या शेतातल्या आप्पांनी विचारलं, ‘काय व्हयनं वं बाई, शाळा भरनी का?’ पाच-सहा मिनिटांत पाटीच्या खालच्या कडेला हळदी-कुंकवाच्या मधल्या रंगाचे कण दिसले. खडूच्या धुळीहून बारीक. ते सगळे वर निघाले होते, भरभर, आणि वरच्या लाकडी चौकटीला पोचून तिथे गोळा होत होते. भाच्याच्या भिंगातून पाहिलं तर शेंदरी थेंब, खाली केसासारखे पाय. मोजून सहा म्हणवेनात, एवढे ते थांबतच नव्हते. पाटी तिथेच आपटून झटकली आणि घरी येऊन आधी कपडे गरम पाण्यात टाकले.

आणि एक, हे भाषांतराचं नाही पण लिहिल्यावाचून राहवत नाही. इंग्लंडातला हार्वेस्ट बग चावला तर खाजेवर भागतं. आपल्याकडच्या याच कुळातल्या एका जातीपासून ‘स्क्रब टायफस’ नावाचा ताप येतो. स्क्रब म्हणजे झुडपी रान. २०१८च्या पावसाळ्यात नागपूरकडे त्याची बरीच चर्चा झाली होती. शेतातून, गवतातून आल्यावर आठ-पंधरा दिवसांत जोराचा ताप, डोकेदुखी, आणि अंगावर कुठेतरी विडीचा चटका बसल्यासारखी काळी, न दुखणारी खपली, असं असेल तर डॉक्टरांना ‘मी गवतात बसलो होतो’ हे आपणहून सांगा. खपली काखेत, जांघेत, नाडीखाली असते, दाखवल्याशिवाय दिसत नाही. वेळेत ओळखला तर डॉक्सिसायक्लिन या साध्या, स्वस्त औषधाने हा ताप उतरतो. उशीर झाला तर माणूस दगावू शकतो. या तापाच्या जंतूचं शास्त्रीय नाव जपानी शब्दावरून आहे, त्सुत्सुगामुशी. त्यातला ‘मुशी’ म्हणजे किडा. तिकडच्याही शेतकऱ्यांनी डॉक्टरांच्या आधी किड्याला धरलं होतं.

याच विषयावर शिरपूरच्या एका आजींनी विचारलंय :

‘नातू टेक्ससला असतो. तिथे “चिगर” चावतात. तो म्हणतो ते कातडीत घुसून बसतात, वरून नेलपॉलिश लावलं की गुदमरून मरतात. खरं का?’

काकू, नेलपॉलिश नखांना लावायला सांगा. चिगर म्हणजे तोच, अमेरिकेतला सुगीचा लाल किडा. तो कातडीत घुसत नाही, आणि खाज सुटेपर्यंत बहुतेकदा खाजवण्यात निघूनही गेलेला असतो. घुसतो म्हणतात तो दुसराच. वेस्ट इंडीजकडे ‘चिगो’ नावाची एक पिसू आहे. तिची मादी पायाच्या बोटांत खरोखर शिरते आणि आत वाटाण्याएवढी फुगते. खलाशांनी चिगोचं ‘जिगर’ केलं, कुणी ‘चिगर’ केलं, आणि हे नाव अमेरिकेतल्या लाल किड्याला चिकटलं. नावाबरोबर पिसवेचा दुर्गुणही त्याच्या माथी आला. नातवाला म्हणावं, शेतातून आल्याबरोबर साबण लावून अंग घासून आंघोळ कर.

भुसावळचे एक निवृत्त रेल्वे कर्मचारी लिहितात :

‘इंग्लंडात एक “बग बायबल” आहे म्हणतात. ढेकणांनी खाल्लेली प्रत म्हणून ते नाव पडलं असं आमच्या ग्रुपात आलंय. आम्ही जन्मभर वेटिंग रूमच्या बाकांवरचे ढेकूण सोसले, म्हणून उत्सुकता.’

ढेकूण कागद खात नाही हो, तुम्हालाच खातो. ते १५३५ सालचं कव्हरडेलचं बायबल. त्यातल्या ९१ व्या स्तोत्रात म्हटलंय की तुला रात्रीच्या ‘बग्ज’ची भीती बाळगायचं कारण नाही. वाचणाऱ्याला वाटतं, देवाने ढेकणांपासून अभय दिलं! तसं असतं तर भुसावळ जंक्शनवर चर्चला जागा पुरली नसती. त्या काळी बग म्हणजे भूत, बागुलबुवा. ‘बगबेअर’ या शब्दात तो अजून शिल्लक आहे.

मग ढेकणाला काय म्हणायचे? ‘वॉल-लाउस’, म्हणजे भिंतीतली ऊ. स्वीडिश लोक आजही ढेकणाला याच अर्थाच्या शब्दाने ओळखतात. काही जण फ्रेंचांकडून उसना आणलेला ‘प्युनेझ’ म्हणत, त्याचा अर्थ घाणेरड्या वासाची. ज्यांनी ढेकूण चिरडलाय त्यांना वेगळं सांगायला नको. सतराव्या शतकात ‘बग’ ढेकणाला लागला. रात्री अंधारात येऊन छळणारा, दिवा लावला की गायब, म्हणून भुताचं नाव पडलं असावं असं मला वाटतं. १७३० साली लंडनच्या जॉन साउथॉलने ढेकणांवर अख्खं पुस्तक काढलं, आणि त्याच्याकडे ढेकूण मारायचं स्वतःचं औषध विकायला होतं. जाहिरातीची ही रीत जुनीच. आम्ही मे महिन्यात बाज अंगणात उभी करून सुंभाच्या गाठीगाठीतून उकळतं पाणी सोडायचो. औषध विकत आणलेलं आठवत नाही.

कॉम्प्युटरमधला ‘बग’ १९४७ साली हार्वर्डच्या यंत्रात पतंग अडकला तेव्हापासून, असं ग्रुपात येईलच. पतंग खरा, पण यंत्रातल्या खोडीला बग म्हणणं एडिसनच्या १८७८च्या पत्रातही आहे.

नंदुरबारची एक एम.ए.ची विद्यार्थिनी विचारते :

‘“अँटनी अँड क्लिओपात्रा”मध्ये क्लिओपात्रा भर लढाईतून जहाजं घेऊन पळते. तिला “जूनमधल्या गाईसारखी, अंगावर ब्रीझ आल्यावर” असं म्हटलंय. बाजारातल्या एका गाइडमध्ये “वाऱ्याची झुळूक लागल्यावर” असा अर्थ दिलाय. झुळुकीने गाय पळेल कशाला?’

शाबास. गाइड लिहिणाऱ्याने गाय पाळलेली नसावी. हा ब्रीझ झुळुकीचा नव्हे, तो जुन्या इंग्रजीतला वेगळाच शब्द, अर्थ गोमाशी. ती बसली की गाय शेपूट उभारून उधळते, आणि क्लिओपात्राही शिडं उभारून उधळली. जहाज म्हटल्यावर वारा आलाच, त्यामुळे शेक्सपियरने दोन्ही अर्थ मुद्दाम एकमेकांवर घासले असणार. परीक्षेत गोमाशी लिही आणि कंसात वारा. गोमाशीला इंग्रजीत आणखी दोन नावं आहेत. उत्तरेकडचं ‘क्लेग’, आणि ‘गॅडफ्लाय’. ‘गॅड’ म्हणजे टोकदार खिळा. आपल्या पराणीला पुढे लोखंडी आर असते ना, तीच. आर घेऊन फिरणारी माशी.

एरंडोलच्या एका ताईंचं पत्र मला फार आवडलं. थोडक्यात देते :

‘माझी सासू म्हणायची की खरजेत बारीक किडा असतो आणि तो सुईने काढता येतो. माझ्या मुलीच्या शाळेत ही अंधश्रद्धा म्हणून सांगितलं. जुन्या इंग्रजीत “हँड-वर्म” असा शब्द असल्याचं तुम्ही मागे ओझरतं लिहिलं होतं. तो हाच का?’

हाच. आणि तुमच्या सासूबाईंचं खरं आहे.

‘हँड-वर्म’ म्हणजे हातातला किडा. इंग्लंडात एक्झिटरच्या कॅथिड्रलमध्ये दहाव्या शतकातलं एक हस्तलिखित आहे, त्यात कोडी आहेत. त्यातल्या एका कोड्यात बोलणारी वस्तू म्हणते, मी अमक्याहून मोठी, तमक्याहून लहान. किती लहान? तर हातातल्या त्या किड्याहूनही, ज्याला शहाणी माणसं सुरीने उकरून काढतात. हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसाला खरजेचा किडा दिसत होता, तो कुठे असतो आणि कसा काढायचा हेही माहीत होतं. खरजेचा किडा अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. बोटांच्या बेचक्यात कातडीखाली बीळ करून राहतो, बिळाची रेघ दिसते आणि रेघेच्या टोकाला एक ठिपका.

डॉक्टरमंडळींना मात्र पटायला वेळ लागला. १६८७ साली इटलीत बोनोमो आणि चेस्तोनी या दोघांनी सूक्ष्मदर्शकातून तो पाहून चित्र काढलं. बोनोमोला हे सुचलं कशावरून? गरीब बायका आपल्या लेकरांच्या हातातून टाचणीच्या टोकाने काहीतरी काढतात हे पाहून. तरीही पुढची दीडशे वर्षं मोठे मोठे लोक रक्त बिघडलं, पित्त बिघडलं म्हणत राहिले. १८१२ साली पॅरिसमध्ये गालेस नावाच्या एकाने किडा दाखवला, पण तो चीजमधला निघाल्याचा आरोप झाला आणि सगळाच विषय थट्टेवारी गेला. शेवटी १८३४ साली रेनुची नावाच्या विद्यार्थ्याने तिथल्या इस्पितळात सगळ्यांसमोर सुईने किडा काढून दाखवला. हा कॉर्सिका बेटावरचा, आणि तिथल्या बायका तो कसा काढतात हे त्याने लहानपणापासून पाहिलेलं. चूक इतरांची एवढीच होती की ते पुटकुळीत शोधत होते. किडा पुटकुळीत नसतो, रेघेच्या टोकाला असतो.

माझी माय हेच करायची. संध्याकाळी ओट्यावर उजेड असेपर्यंत. ‘आठे ये, हालू नको’, म्हणून हात मांडीवर घट्ट धरायची, सुई चुलीच्या जाळात लाल करून गार करायची. बेचक्यात टोचताना दुखायचं नाही, गुदगुल्या व्हायच्या आणि हसलं की चापट. सुईच्या टोकावर आलेलं काहीतरी ती अंगठ्याच्या नखावर ठेवून दुसऱ्या नखाने दाबायची. मग लिंबाच्या पाल्याच्या पाण्याने हात धुऊन खोबरेलात कालवलेला गंधक. त्या वासाने वर्गात शेजारी कुणी बसायचं नाही. आता सुईच्या भानगडीत पडू नका, किडे एक-दोन नसतात. पर्मेथ्रिनचं मलम डॉक्टरांच्या सल्ल्याने घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं आणि चादरी-कपडे गरम पाण्यात धुवायचे. एकालाच लावलं तर महिन्याने पुन्हा तेच.

ताई, तुमच्या पत्रामुळे मला आणखी एक आठवलं. इंग्रजांनी सगळ्यात लहान वस्तू म्हणून खरजेचा किडा धरला, तसं आपल्याकडे कौटिल्याने उवा-लिखा धरल्यात. अर्थशास्त्रात लांबीची मापं आहेत. आठ लिक्षा म्हणजे एक यूका, आठ यूका म्हणजे जवाच्या दाण्याचा मध्य, आणि असे आठ मध्य म्हणजे एक अंगुल. लिक्षा म्हणजे आपली लीख, यूका म्हणजे ऊ. एका अंगुलात चौसष्ट उवा! अंगुल दोन सेंटिमीटरच्या आतबाहेर धरलं तर कौटिल्याची ऊ मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी भरते. खरी ऊ चांगली अडीच-तीन मिलिमीटरची असते. आचार्यांनी पाचवीच्या मुलींचा वर्ग कधी घेतला नसावा. मी घेतलाय. दोन वेण्यांच्या मधल्या भांगातून ऊ चालत जाताना फळ्याजवळून दिसते.

इंग्रजी ‘माइट’ची गंमत अशीच. प्राण्याचं नाव माइट, आणि अगदी क्षुल्लक नाण्याचंही. बायबलमधल्या गरीब विधवेने देवळाच्या पेटीत दोन माइट टाकले ते नाण्यातले. तिथे किडे टाकले असं भाषांतर एका उत्तरपत्रिकेत मी तपासलंय. अर्धा गुण दिला, वाक्यरचना बिनचूक होती.

शेवटी माझी एक चूक. मागच्या अंकात मी ‘नॅट म्हणजे डास’ असं लिहिलं. त्यावर धुळ्याच्या एका वाचकांचं पोस्टाने पाकीट आलं. ते म्हणतात, मराठी बायबलमध्ये ‘तुम्ही मुरकूट गाळून काढता आणि उंट गिळता’ असं आहे, तिथे इंग्रजीत नॅट आहे, मग डास कसा? त्यांचं खरं. ‘मॉस्किटो’ हा शब्द इंग्रजांना स्पॅनिशांकडून सोळाव्या शतकाच्या शेवटी मिळाला, अर्थ छोटी माशी. त्याआधी डास, चिलट, मुरकूट सगळे नॅट नाहीतर मिज. म्हणून जुन्या पुस्तकात नॅट भेटला तर तो काय करतोय ते आधी बघायचं. दलदलीजवळ रात्री रक्त पीत असेल तर डास. संध्याकाळी डोळ्यांपुढे थव्याने नाचत असेल तर चिलट. आणि दारूच्या भांड्यात पडून फडक्याने गाळला जात असेल, जसा बायबलात, तर मुरकूटच. मागच्या बाकावरच्या त्या पोराला आता हे सांगता आलं असतं. तो सध्या पुण्याला असतो.

धुळ्याच्या वाचकांनी पुरावा म्हणून एक मुरकूट चिकटपट्टीखाली दाबून पाठवलंय. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे ते खिडकीतल्या दिव्याखाली सापडलं. आमच्या शेजारीणबाई बघून म्हणाल्या, हे मुरकूट नाही, केमरू आहे. मी भिंग लावलं. पंख दोन, मिशा दोन, पाय पाच. सहावा टपालात पडला असावा.